‘आपण यावर आहोत का?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची पद्धत

मार्केटिंगमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला हा मेसेज कधी ना कधी येतोच. क्लायंटकडून किंवा वरिष्ठांकडून, सोबत एका बातमीची लिंक आणि खाली एकच ओळ: ‘आपण यावर आहोत का?’ २०२१च्या सुरुवातीला हा प्रश्न क्लबहाउस या आवाजी गप्पांच्या ॲपबद्दल यायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेसबुक कंपनीने नाव बदलून मेटा केलं आणि जो तो मेटाव्हर्सबद्दल, म्हणजे आभासी जगाबद्दल, विचारू लागला. जुलै २०२३मध्ये मेटाच्या थ्रेड्स या नव्या ॲपवर पाच दिवसांत दहा कोटी खाती उघडली गेली, तेव्हा थ्रेड्सबद्दल. आता एआयबद्दल.

प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याला आपण मागे पडू अशी धास्ती असते आणि ती खोटी नसते. घाईघाईने ‘हो, उघडतो खातं’ म्हणणं महागात पडतं, तसंच ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून झटकून टाकणंही. मी माझ्या टीमला तिसरं उत्तर द्यायला सांगते: ‘बघतोय. अमुक तारखेला, अमुक गोष्ट तपासून सांगतो.’ असं उत्तर द्यायचं तर त्यामागे पद्धत लागते. माझी पद्धत इथे मांडते आहे. टीम दोघांची असो की वीस जणांची, ती चालते.

आधी नोंद, मग खातं

एक साधी शीट करा. नवीन काही कानावर आलं की त्यात एक ओळ टाका: नाव, कुठे कळलं, आपले ग्राहक तिथे आहेत का, असले तर तिथे काय करतात. हे रकाने सगळेच करतात. मी आणखी दोन ठेवते आणि खरं काम ते दोनच करतात.

पहिला रकाना: ‘ही गरज कोणाची?’ वापरणाऱ्याची की प्लॅटफॉर्मची? एएमपीचं उदाहरण घ्या. मोबाइलवर पानं झटकन उघडावीत म्हणून गूगलने २०१५मध्ये हे तंत्र जाहीर केलं. मोबाइलवर गूगलच्या शोधनिकालांतल्या ‘टॉप स्टोरीज’ या बातम्यांच्या पट्टीत दिसायचं तर एएमपी हवंच, म्हणून कित्येक प्रकाशकांनी वर्षानुवर्षं प्रत्येक पानाच्या दोन आवृत्त्या सांभाळल्या. २०२१मध्ये गूगलने ती अट काढून टाकली. पान लवकर उघडावं ही वाचकाची गरज होती, ती आजही आहे. पान अमुक एका साच्यातच हवं ही गरज प्लॅटफॉर्मची होती. ज्यांनी मूळ साइटच हलकी आणि वेगवान केली होती त्यांची मेहनत पाण्यात गेली नाही.

व्हाइनचंही तसंच. सहा सेकंदांचे व्हिडिओ असलेलं ते ॲप जानेवारी २०१७मध्ये बंद पडलं, पण फोनवर छोटे व्हिडिओ एकामागून एक पाहायची सवय राहिली. पुढे टिकटॉकने ती कुठल्या कुठे नेली, ऑगस्ट २०२०मध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणले, यूट्यूबने शॉर्ट्स. म्हणून शीटमध्ये ॲपच्या नावाशेजारी लोकांची सवयही लिहा. ॲप गेलं तरी सवयीवर केलेला अभ्यास कामाला येतो.

क्यूआर कोड तर मला या बाबतीत फार शिकवून जातो. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो १९९४मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. नंतर कितीतरी वर्षं मार्केटिंगवाले तो पोस्टरवर छापत राहिले, पण स्कॅन करायला वेगळं ॲप लागायचं, त्यामुळे लोक फिरकत नसत. सप्टेंबर २०१७मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यालाच तो वाचता येऊ लागला, अँड्रॉइड फोनमध्येही सोय आली आणि महासाथीच्या काळात तो सगळीकडे पसरला. तंत्र तेच होतं, मधली एक पायरी गळाली. त्यामुळे शीटमधल्या एखाद्या ओळीपुढे आम्ही ‘आत्ता नको’ लिहितो तेव्हा ‘कोणती पायरी गळाली की पुन्हा बघायचं’ हेही लिहितो.

दुसरा रकाना: ‘यासाठी काय बंद करणार?’ हा भरल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. टीमचे तास वाढत नसतात. नवीन चॅनल घेतलं आणि जुनं काहीच सोडलं नाही की सगळंच अर्धवट होतं, आणि पहिला फटका बसतो ग्राहकांच्या कमेंट्सना उत्तर देण्याच्या कामाला, कारण ते रिपोर्टमध्ये दिसत नाही.

चाचणी लहान, पण लेखी

समजा तुम्ही औद्योगिक पंप विकणाऱ्या कंपनीचं काम पाहता आणि छोटे व्हिडिओ करून बघायचे आहेत. ‘व्हिडिओ चालतात का ते बघू’ ही चाचणी नव्हे. प्रश्न असा हवा: ‘पंप दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आमचा एक मिनिटाचा व्हिडिओ पाहून सुट्या भागांच्या पानापर्यंत येतात का?’ त्याखाली चार गोष्टी लिहा: किती आठवडे, कोणाचे किती तास, कोणता आकडा आला तर पुढे जायचं, कोणता आला तर थांबायचं. हे पहिली पोस्ट जाण्याआधी लिहायचं. नंतर लिहिलं तर जो आकडा आला तोच कसा पुरेसा आहे हे पटवण्याकडे मन वळतं. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी.

आता लिंककडे या, कारण बहुतेक चाचण्या इथेच फसतात. प्रत्येक लिंकला यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणाऱ्या खुणा, लावा: सोर्स (कुठून), मीडियम (कोणत्या मार्गाने), कॅम्पेन (कोणत्या मोहिमेतून). साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. एकाने इन्स्टाग्रामचं नाव कॅपिटलने सुरू करून लिहिलं, दुसऱ्याने स्मॉलने आणि तिसऱ्याने नुसती दोन अक्षरं टाकली, तर रिपोर्टमध्ये तीन वेगवेगळी चॅनल दिसतात आणि तिन्ही किरकोळ वाटतात. म्हणून सगळं स्मॉलमध्ये, ठरलेली नावं एका शीटमध्ये, आणि लिंक तिथूनच कॉपी करायची. आपल्याच साइटच्या आतल्या लिंकना मात्र यूटीएम लावू नका. माणूस मुळात कुठून आला ती नोंद गढूळ होते.

एवढं करूनही बरीच रहदारी ‘डायरेक्ट’मध्ये जाऊन पडते. कोणी लिंक खाजगी चॅटमध्ये पाठवली, कोणी मित्राला मेल केली, तर ती कुठून आली हे ॲनालिटिक्सला कळत नाही. अलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने २०१२मध्ये याला ‘डार्क सोशल’ म्हटलं. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय अगदी साधा आहे: चौकशीच्या फॉर्ममध्ये ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ असा एक मोकळा रकाना. ड्रॉपडाउन नको, माणसाला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. ‘आमच्या मेंटेनन्स ग्रुपमध्ये कोणीतरी व्हिडिओ टाकला होता’ अशी एक ओळ डॅशबोर्डच्या दहा आलेखांत सापडत नाही. ही उत्तरं दर आठवड्याला कोणीतरी बसून वाचायला हवीत. आमच्याकडे ते काम आळीपाळीने सगळे करतात, डिझायनरसुद्धा.

आकडा वाचण्याआधी त्याची व्याख्या वाचा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘व्ह्यू’ म्हणजे काय? यूट्यूब शॉर्ट्समध्ये ३१ मार्च २०२५पासून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा पहिल्यापासून लागला की व्ह्यू धरला जातो, किमान किती वेळ पाहिला याची अट नाही. जुन्या पद्धतीचा आकडा ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने ॲनालिटिक्समध्ये वेगळा दिसतो. म्हणजे त्या एप्रिलमध्ये ज्यांचे व्ह्यूज वाढले त्यांतल्या कित्येकांच्या कामात काहीच बदललं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी इन्स्टाग्रामनेही ‘व्ह्यूज’ हा सगळ्या प्रकारच्या पोस्टसाठी मुख्य आकडा केला. जाहिरातीच्या व्हिडिओसाठी मीडिया रेटिंग कौन्सिल या मोजमापाचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचा निकष आणखी वेगळा: निम्मे पिक्सेल स्क्रीनवर सलग दोन सेकंद दिसले की जाहिरात ‘दिसण्याजोगी’ धरतात. या तीन आकड्यांची बेरीज करून ‘एकूण इतके व्ह्यूज’ असं क्लायंटला सांगणं चूक आहे.

प्लॅटफॉर्मने दिलेला आकडा चुकीचाही असू शकतो. सप्टेंबर २०१६मध्ये फेसबुकने मान्य केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ ते फुगवून दाखवत होते, कारण तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणाऱ्यांना सरासरीत धरलंच जात नव्हतं. आणि ईमेलचा ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडला तो आकडा? मेलमधलं चित्र लोड झालं की मेल उघडला असं त्यात धरतात. सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये आणलेल्या सोयीमुळे, ती चालू असेल तर, मेलमधली चित्रं माणसाने मेल उघडला नाही तरी आपोआप लोड होतात. त्यामुळे ओपन रेटवर निर्णय घेणं सोडा. क्लिक बघा, उत्तरं बघा.

करायचं काय, तर रिपोर्टच्या शेवटी व्याख्यांचं एक पान जोडा: कोणता आकडा, कोण मोजतो, काय झालं की एक धरतो. व्याख्या बदलली त्या तारखेला आलेखावर एक उभी रेघ मारा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंची तुलना करू नका. पहिल्यांदा क्लायंट विचारतो, ‘ही रेघ कसली?’ तिथून जे बोलणं सुरू होतं ते आकड्यांच्या फुगवट्यापेक्षा किती तरी उपयोगाचं असतं.

स्वतःची यादी

प्लॅटफॉर्मवरचे फॉलोअर्स म्हणजे भाड्याचं घर. मालक नियम बदलतो तेव्हा विचारत नाही. एप्रिल २०२१मध्ये ॲपलने ॲप्सना सांगितलं की इतर ॲप्स आणि वेबसाइटवर माग काढायचा तर आधी परवानगी विचारा, आणि जाहिरातींच्या मोजमापाची घडी विस्कटली. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२०पासून थर्ड-पार्टी कुकीज (दुसऱ्या कंपन्यांना साइटोसाइटी माग काढू देणाऱ्या नोंदी) पूर्ण बंद केल्या. गूगलने जानेवारी २०२०मध्ये क्रोममधूनही त्या काढण्याची घोषणा केली, तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४मध्ये बेत बदलला. यात कोणाचा काय हेतू होता यावर वाद घालण्यापेक्षा ज्यांनी स्वतःहून पत्ता दिला आहे अशा लोकांची यादी वाढवा. कशासाठी संपर्क करणार आहात ते स्पष्ट सांगा आणि तेवढ्यासाठीच करा.

मेल पाठवत असाल तर फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी लागू केलेले नियम तुमच्या तांत्रिक सहकाऱ्याबरोबर बसून तपासा. जीमेलला दिवसाला ५,०००पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या तांत्रिक सोयी) तिन्ही लागतात. प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. तुमची संख्या कमी असली तरी हे करून ठेवा.

एआयच्या उत्तरात आपण कसे दिसतो

मे २०२४मध्ये गूगलने अमेरिकेत शोधनिकालांच्या वर एआयने लिहिलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली, मग ती इतर देशांत गेली. चॅटजीपीटी आणि इतर चॅटबॉटना लोक थेट विचारतात, ‘या कामासाठी कोणता पंप घेऊ?’ यावर सल्ला विकणारे पुष्कळ आहेत. मी सुरुवात एका कागदापासून करायला सांगते.

विक्री आणि ग्राहकसेवा पाहणाऱ्यांकडून ग्राहक खरोखर विचारतात ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत गोळा करा. महिन्यातून एकदा ते वेगवेगळ्या चॅटबॉटना विचारा. उत्तर दर वेळी थोडं बदलतं, म्हणून प्रत्येक प्रश्न दोन-तीनदा विचारा. आपलं नाव आलं का, कोणत्या पानाचा आधार दिला, काय चुकीचं सांगितलं, एवढं लिहून ठेवा. चुकीचं काही सापडलं तर बहुतेकदा मूळ आपल्याच साइटवर निघतं: जुनं माहितीपत्रक, बंद झालेल्या मॉडेलचं पान, नाहीतर महत्त्वाची क्षमता फक्त चित्रात लिहिलेली. ती माहिती साध्या वाक्यात, तारखेसह, पानावर मजकूर म्हणून लिहा.

रोबॉट्स फाइलही पाहून घ्या. मजकूर वाचत फिरणाऱ्या बॉटनी साइटवर काय वाचावं आणि काय नाही, हे ती सांगते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा जीपीटीबॉट मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, शोधासाठी त्यांचा बॉट वेगळा आहे. एकाला अडवायचं आणि दुसऱ्याला येऊ द्यायचं, हे शक्य आहे. गूगल-एक्स्टेंडेड (आपला मजकूर गूगलच्या एआय मॉडेलना वापरू द्यायचा की नाही ते ठरवायला या फाइलमध्ये लिहायचं नाव) अडवल्याने गूगल सर्चमधलं तुमचं स्थान बदलत नाही, आणि सर्चमधल्या एआय उत्तरांतून तुम्ही बाहेरही पडत नाही. हा निर्णय मार्केटिंग, कायदा आणि तंत्र सांभाळणाऱ्यांनी एकत्र बसून घ्यावा. बऱ्याच ठिकाणी तो कोणीच घेतलेला नसतो.

साइटवर स्वतःचा चॅटबॉट बसवायचा असेल तर फेब्रुवारी २०२४चा कॅनडातला निकाल लक्षात असू द्या. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. ‘चॅटबॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही’ ही भूमिका लवादाने मानली नाही आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. किंमत, वॉरंटी, परतावा या विषयांवर बॉटने स्वतः उत्तर न देता नियमांचं पान दाखवावं, किंवा माणसाकडे जोडून द्यावं.

बंद करताना

दर तिमाहीला शीट उघडून चाचण्यांचे निकाल बघा आणि जे थांबवायचं ठरलं होतं ते खरंच थांबवा. खातं मात्र पुसू नका, नाव दुसरा कोणी घेऊ शकतो. आधी डेटा डाउनलोड करा. ‘आम्ही आता इथे भेटतो’ अशी पोस्ट वर पिन करा, येणाऱ्या मेसेजना तेच उत्तर आपोआप जाईल अशी सोय करा. जुन्या एजन्सीचे आणि सोडून गेलेल्या सहकाऱ्यांचे ॲक्सेस काढा, पासवर्ड बदला, आणि ते खातं कोणाच्या ताब्यात आहे ते शीटमध्ये त्याच ओळीत लिहा.