तलावावरच्या हिवाळी पक्ष्यांची गणती कशी करावी

दुर्बीण, वही, पेन्सिल घेऊन उजाडायच्या आत तलावावर पोचा. ८ बाय ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. भडक जर्किन घरी ठेवा.

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हे तलाव एकाच पट्ट्यात आहेत, त्यामुळे एका सकाळी तिन्ही उरकायचा मोह होतो. आवरा. एका सकाळी एकच तलाव. तो निवडताना पाण्याची पातळी बघा. तुडुंब तलाव डोळ्यांना छान वाटतो, पण कडेचा चिखल बुडाला की शेकाट्या, तुतवार आणि रोहित (फ्लेमिंगो) यांना पाय टेकायला जागा राहत नाही.

ऊन पाठीवर येईल असे पूर्वेच्या बाजूला थांबा. त्या बाजूला भराव असेल तर त्यावर चढा; काठावरून पुढचे पक्षी मागच्यांना झाकतात.

आता खरी कटकट, मोजणी. ‘नजरेने अंदाज घ्यायचा, सवयीने जमते’ असे नवख्यांना सर्रास सांगतात. काही जमत नाही. मोठ्या थव्यापुढे नजर बहुतेक वेळा कमीच मोजते, आणि सवय झाली की तेच कमी मोजणे अंगवळणी पडते.

आधी दहा पक्षी एकेक करून मोजा. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत पक्के बसवा आणि कडब्याच्या पेंढ्या पाच-पाचने मोजतात तसे तेवढ्या मापाने थवा ओलांडत जा. फसगत इथे होते: थवा मध्ये दाट असतो, कडांना विरळ. कडेचे माप मध्ये लावले की आकडा निम्म्यावर येतो. म्हणून मधल्या गर्दीसाठी माप मधूनच घ्यायचे, कडेसाठी कडेवरून. डावीकडून उजवीकडे एकदा, उलट एकदा. दोन आकड्यांत फार तफावत आली तर तिसऱ्यांदा. हे काम जोडीने करा: एकाने दुर्बिणीतून डोळा काढायचा नाही, दुसऱ्याने वहीतून मान वर करायची नाही.

एका फेरीत एकच जात. वारकरी आधी संपवा. काळे अंग, पांढरे कपाळ, घोटाळ्याला वाव नाही. टिबुकली आणि लालसरी बुड्या मारतात, कधीही बघा, त्यातले काही पाण्याखालीच असतात. त्यांची सरासरी काढू नका, तीन-चार फेऱ्यांतला सर्वांत मोठा आकडा धरा. बदकांच्या माद्या सगळ्या तपकिरी, तिथे रंग सोडा आणि चोच बघा. थापट्याच्या मादीची चोच टोकाला पसरट, तलवार बदकाच्या मादीची चोच बारीक आणि मान लांब. चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपके दिसले तर ते हळदीकुंकू बदक. ते बारा महिने इथलेच, त्याला पाहुण्यांत घालू नका.

पट्टकादंब हंस रात्री-पहाटे शेतांत चरतात आणि ऊन वर आल्यावर पाण्यावर उतरतात. साडेसातला वही मिटणाऱ्याच्या खात्यात ते शून्य. उलट दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबचा पक्षी धड ओळखू येत नाही. तेव्हा साडेनऊपर्यंत तरी हलू नका.

मध्येच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला की सगळे उठतात. मोजणी तिथेच थांबवा, आधीचे आकडे खोडा, पक्षी बसल्यावर पहिल्यापासून सुरू करा. आधीचे आणि नंतरचे मिळवून बेरीज केली की तेच बदक दोनदा लिहिले जाते. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून मुद्दाम थवे उठवणारा सोबती असेल तर त्याच्याबरोबर गणतीला जाऊच नका.

वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, ढग-धुके लिहा. यादी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जानेवारीत असाल तर १९८७ पासून चालत आलेल्या आशियाई पाणपक्षी गणनेलाही द्या. ओळख न पटलेले बदक जवळच्या नावात कोंबू नका. ‘अनोळखी बदके, ४०’ एवढेच लिहा.