जुनी गाडी, खारा वारा आणि सुट्टीतले मेकॅनिक: या चुका टाळा

कोकणात जुनी गाडी सडते ती खाऱ्या वाऱ्याने, असं सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण निम्मंच. उरलेला दोष आपल्या रजेचा. मे महिन्यात कुटुंब गावी जमतं, मांगरात (घराबाहेरच्या कोठारात) उभी असलेली आजोबांची फियाट ढकलत खळ्यात आणली जाते, आठ-दहा दिवस धडाक्यात खोलाखोली चालते आणि मृगाच्या आत सगळे मुंबई-पुण्याला परत. गाडी तशीच, उघड्या पत्र्यानिशी पावसाळा काढते. पुढच्या मे महिन्यात पाहावं तर काम गेल्या वर्षीपेक्षा वाढलेलं. म्हणून खालच्या बहुतेक चुका गाडीवर काय काम केलं यापेक्षा, दाराला कुलूप लावताना ती कोणत्या अवस्थेत ठेवली याच्या आहेत.

उदाहरणं मुख्यतः फियाटची घेतली आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून ११०० डिलाइट बाहेर पडली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी म्हणून ओळखली गेली. इंजिन १०८९ सीसीचं. या गाडीला वेगळी चासी नाही; फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि बॉडी मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे जीपचा फ्लोअर सडला तर पाय खाली जातो, फियाटचा सडला तर गाडीच वाकते.

गाडी कुणाची हे न ठरवता पाना हातात घेणं

कोकणी माणसाला सामाईक सातबारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आजोबांच्या नावावर राहिलेली गाडी हा चार चाकांचा सामाईक सातबाराच असतो. काम सुरू असताना कुणी बोलत नाही. रंग होऊन गाडी चकाकली की आत्यालाही आठवतं की तिच्या लग्नात हीच गाडी होती. म्हणून नाव आधी बदला. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. बहुतेक घरांत ही मुदत कधीच उलटून गेलेली असते. मग इतर वारसांच्या ना-हरकती गोळा करा, आणि त्या गणपतीत करा. तेव्हा सगळे एका छपराखाली असतात आणि निदान आरतीच्या वेळी तरी भांडत नाहीत.

दुसरी कागदी चूक डेंटरच्या, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याच्या, हातून होते. फ्लोअर किंवा पुढचा पत्रा बदलताना चासी नंबर असलेला तुकडा भंगारात जातो, किंवा नंबरावर पुट्टी चढते. पुढे आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा मागतात. काम सुरू होण्याआधीच चासी आणि इंजिन या दोन्ही नंबरांचे ठसे आणि फोटो घेऊन ठेवा, आणि तेवढ्या भागाला हात लावायचा नाही हे डेंटरला बजावून सांगा.

तिसरी जरा नवी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली खासगी दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नोंदणी आधीच असेल तर जुना नंबर टिकवता येतो. नव्याने नोंदणी करायची तर 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. "डिझेल इंजिन टाकून घेऊ, ॲव्हरेज देईल" असं सुचवणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्यांना हा नियम वाचून दाखवा.

गोठ्यात गाडी ठेवणं

गुरं विकली, गोठा रिकामा पडला, तिथे गाडी मावते. पण ज्या जमिनीत वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलं आहे, ती पावसाळ्यात दमट झाली की अमोनिया सोडत राहते, आणि अमोनिया पितळेला तडे पाडतो. ब्रिटिश फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत होत्या, आणि त्याचं कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे नक्की समजायला १९२१ साल उजाडलं. फियाटचा रेडिएटर, कार्ब्युरेटरचे जेट, वायरींची टोकं ही सगळी पितळ-तांब्याचीच. शेजारी गुरं बांधलेली असतील तर जागा बदला. रिकामा गोठाच वापरायचा असेल तर जमिनीचा वरचा थर काढून, जाड प्लॅस्टिक अंथरून वर फळ्या टाका. जांभ्याची आणि सारवलेली जमीनही ओल सोडतच असते, तेव्हा प्लॅस्टिक गाडीच्या खाली हवं.

लोक नेमकं उलट करतात. खाली काही नाही आणि वरून ताडपत्री घट्ट बांधलेली. आत ओल कोंडते, रात्री टपाच्या आतून थेंब धरतात आणि ऑगस्टपर्यंत सीटवर पांढरी बुरशी. वरून जुन्या सुती चादरी पुरेत, काचा दोन बोटं खाली, आणि वारा फिरेल एवढी जागा चारी बाजूंना. सायलेन्सरचं तोंड आणि एअर क्लीनर बारीक जाळीने बंद करा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि पुढच्या वर्षी "इंजिन श्वासच घेत नाही" म्हणून कार्ब्युरेटर उगाच खोलला जातो.

आणि गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर उचलून ठेवू नका. घराच्या भिंतीत चिरा शंभर वर्षं उभा राहतो, कारण तिथे भार पसरलेला असतो. जॅक काढल्यावर एका टोकावर गाडीचा भार आला की तोच चिरा, त्यातून ओला असेल तर, सूचना न देता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. पोलादी जॅक स्टँडची जोडी घ्या, आणि तरीही गाडीखाली मुलांना पाठवू नका.

प्रायमर मारला म्हणजे गंजाची काळजी मिटली

सर्वांत जास्त पैसा बुडतो तो इथे. दृश्य ठरलेलं आहे: मे महिन्यात जुना रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, वरून साधा राखाडी प्रायमर फवारला, "रंग दिवाळीत करू" म्हणत सगळे निघून गेले. साधा प्रायमर पाणी अडवतच नाही. तो सच्छिद्र असतो, वरच्या रंगाला धरून ठेवणं हेच त्याचं काम. चार महिने खारी ओल त्यातून झिरपते आणि खाली गंज बसतो. पुट्टीचं त्याहून वाईट, ती ओल शोषून घेते. दिवाळीत डेंटर त्यावरच रंग मारतो, फोटो छान येतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडेला फोड उठतात. त्या फोडांवर टच-अप हा उपाय नाही. पुन्हा पत्र्यापर्यंत जावं लागतं.

यावर दोनच मार्ग आहेत. एक तर जेवढा भाग त्याच सुट्टीत इपॉक्सी प्रायमरने (हा ओल अडवतो) बंद करता येईल तेवढाच उघडा करा; या वर्षी डावं दार, पुढच्या वर्षी उजवं. नाहीतर जुना रंग अजिबात काढू नका. पन्नास वर्षांचा विटका रंग आजच्या उघड्या पत्र्यापेक्षा बरा. इपॉक्सी मारण्याआधी गंज काढणाऱ्या आम्लाचा अंश राहिला नाही ना, हे पाहा. तो राहिला तर इपॉक्सी सोलून निघतो. पत्रा धुवायचा तर गोड्या पाण्याने. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरलंत तर मीठ स्वतःच्या हाताने आत कोंडलंत असं समजा.

प्रायमरवरच्या रंगासाठी मे महिना मात्र नकोच. किनाऱ्यावरची मे महिन्यातली हवा घामट असते, पत्र्यावर हाताचा ठसा उमटतो आणि लॅकरच्या रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळी ते होळी हा काळ धरा. म्हणजे कुटुंबाच्या वाट्याला खोलणं, साफसफाई आणि फोटो. रंग हे हिवाळ्यात गावच्या किंवा चिपळूण-कुडाळच्या डेंटरचं काम. ज्यांना स्वतःच्या हाताने रंग मारायचाच आहे त्यांनी रजा जानेवारीत काढावी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तो कोरडा घासू नका. आणि दोन घटकांचा (हार्डनर मिसळून वापरायचा) रंग फवारायचा असेल तर नाकाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क हवाच.

काजूच्या टरफलाचं तेल होडीला लावतात तसं गाडीच्या खालच्या अंगाला लावावं का, असा प्रश्न येतोच. लाकडाला ते उत्तम. पत्र्यावरच्या गंजावरून काहीही फासलं, ते तेल असो की डांबर की रबरी अंडरकोटिंग, तरी आतला गंज चालूच राहतो, फक्त दिसेनासा होतो. शिवाय कच्च्या तेलाने कातडीला फोड येतात.

सेल्फ मारून बघण्याची घाई

कित्येक वर्षं उभ्या गाडीला कुणी नवी बॅटरी जोडतो आणि सेल्फ मारतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. सेल्फच्या ताकदीने रिंग तुटते किंवा व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, पुशरॉड, वाकतो. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा आणि काही दिवस विसरून जा. मग हँडलने हलकेच मागे-पुढे करा. झटका नको. इंजिन फिरू लागलं की वरचं झाकण उघडून व्हॉल्व्ह दाबणारे आठही रॉकर हलतात का ते बघा, ऑइल बदला, आणि मगच प्लग न लावता सेल्फ मारा.

पेट्रोलची टाकीही तोवर जोडू नका. जुन्या पेट्रोलचा डिंक होऊन जेट बुजलेले असतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घ्या. निघताना टाकी रिकामी करून, कोरडी करून, आतून थोडं ऑइल फिरवून तोंड बंद करा. बॅटरी काढून घरात ठेवा. हँडब्रेक ओढू नका, कारण ओलीत लायनिंग ड्रमला चिकटतं. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ओंडके लावा.

सुट्या भागांचा पसारा

"लक्षात राहील" म्हणून काही लक्षात राहत नाही. बॉलपेनने लिहून पिशव्यांवर चिकटवलेले कागद झुरळं खातात. मास्किंग टेपवर पेन्सिलने लिहा, किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून घ्या. हे काम मुलांना द्या, ती मोठ्यांपेक्षा नेटकं करतात. एक वही ठेवा: काय काढलं, कुठे ठेवलं, खर्च कुणी केला.

पार्ट एकदम विकत घेऊ नका. पण जे दुर्मिळ होत चाललं आहे ते वेळीच बघून ठेवा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. २० वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. म्हणजे कुर्ला आणि चोर बाजारात भंगारातून येणारा माल आता आटत जाणार. काचांची चॅनेलं, लायटांच्या रिंगा, गिअर लिंकेज आधी मिळवा. रबरं आणि क्रोम मात्र सर्वांत शेवटी. घेऊन ठेवलेलं रबर कपाटातच कडक होतं.

चालू झाली, पण...

नवी बॅटरी असूनही सेल्फ रडतो, लाइट मंद: अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी-इंजिनशी असलेली जोडणी, तपासा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या ब्लॉकला जम्पर केबल लावा. सेल्फ खणखणीत फिरला तर मूळ अर्थिंगची पट्टी गंजली आहे. इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो, असले चमत्कारही बहुधा तिथूनच.

चढावर बंद पडते आणि थंड झाली की चालू होते: एक प्लग काढून स्पार्क बघा. स्पार्क असेल तर पेट्रोलची वाफ होतेय. पंपावर ओलं फडकं टाका आणि नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या. स्पार्क नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर.

वारंवार गरम होते: रेडिएटरमध्ये मचूळ पाण्याचे थर. आतून साफ करून कूलंटच भरा.

ब्रेकचं पेडल खाली जातं: साठच्या दशकातल्या फियाटला एकच ब्रेक सर्किट असतं. एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही ब्रेक जातात. चारही चाकांचे सिलिंडर, नळ्या आणि मास्टर सिलिंडरचं किट एकदमच बदला, ब्रेक ऑइल नवं भरा. ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा.

पहिली फेरी पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, नको, कितीही सुंदर फोटो येणार असले तरी. खारं पाणी आणि वाळू नेमकी दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत जाऊन बसते. कुंभार्ली किंवा आंबा घाटही नको. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, उतारावर सतत दाबले की तापून धरेनासे होतात. आधी गावातल्या सपाट रस्त्यावर काही आठवडे हिंडवा, दर वेळी परतल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा. एखादा जास्त तापलेला लागला तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. तो खोलल्याशिवाय घाट चढू नका.