काळं पडलेलं बोट आणि कढत पाण्याचं घमेलं: या चुका टाळा

पायाचं बोट निळं-काळं दिसलं की घरात पहिली धाव गरम पाण्याकडे. सर्वात जास्त नुकसान तिथंच होतं.

इंदुरात मे महिन्यात ठरलेलं चित्र. मधुमेही काका भर दुपारी खजराना गणपतीला अनवाणी जातात. पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे फरशीचा चटका कळत नाही. रात्री अंगठ्याला फोड दिसतो. घरचे मीठ घालून कढत पाण्यात पाय बुडवतात. पाणी पोळतंय हे काका सांगणार तरी कसे? साल निघते, जखम चिघळते, आठवड्याभरात बोट काळं. वर शेकामुळे पेशींची प्राणवायूची गरज वाढते आणि अरुंद धमनीला तो पुरवता येत नाही. जखम असेल तर पाय भिजवूच नये. एरवी धुवायला पाणी 37 अंशांच्या आत, मधुमेह नसलेल्या माणसानं कोपर घालून पाहिलेलं.

दुसरी चूक, सगळा गँगरीन (रक्त न पोहोचल्यानं किंवा जंतुसंसर्गानं मेलेला भाग) एकच समजायचा. बोट सुकलं, सुरकुतलं, काळ्याची कड स्पष्ट असेल तर कोरडं ठेवा, बोटांमध्ये सैल गॉज घाला, टोक ओढू नका आणि व्हॅस्क्युलर सर्जनची (रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाची) वेळ याच आठवड्यात घ्या. सूज, पू, दुर्गंधी, वर चढणारी लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. "सोमवारी बघू" म्हणणाऱ्यांचा पाय घोट्यावरून जातो.

अँटिबायोटिक रक्तातूनच पोहोचतं. रक्तच जात नसेल तर नुसत्या गोळ्या काय करणार? आधी डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाची तपासणी. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब 0.9 पेक्षा कमी आला तर धमनी अरुंद. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा चांगला येतो, म्हणून बोटातला दाब मोजायला सांगा. शक्य तिथे आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास, मग कापणं; उलटं केलं की जखम भरत नाही. पू साठला असेल तर मात्र तो आधी काढावाच लागतो.

रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्यावर बरं वाटतं? तो वात नव्हे, रक्ताची टंचाई.

बोट सुजलं की जोडवी लगेच काढा, अडकली तर कापून घ्या. कुरूपावर औषधी पट्टी नको, त्यातलं आम्ल कातडी खातं. तरुण माणसाचं बोट काळं पडत असेल तर आधी बिडी-सिगारेट विचारा. त्यात "दिवसाला एकच" हा हिशेब चालत नाही.