कुत्रा चावल्यानंतर नुकसानभरपाई: उपचारापासून न्यायालयापर्यंत काय करावे

कुत्रा चावला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष जखमेकडे आणि इंजेक्शनांकडे लागते, आणि ते योग्यच आहे. मात्र पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली, तर दावा टिकेल की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार झालेल्या, किंवा तयार करायचे राहून गेलेल्या, कागदांवर ठरते. भारतात श्वानदंशाच्या भरपाईसाठी देशभर लागू होईल असा एकच स्वतंत्र कायदा नाही. जखमी माणसाचा हक्क फौजदारी कायदा, दिवाणी दाव्याचा कायदा, महापालिकांचे कायदे आणि राज्यघटना यांत विखुरलेला आहे. तो कोणत्या क्रमाने आणि कोणाकडे मागायचा, हे पुढे महाराष्ट्रातील वाचकाला धरून सांगितले आहे.

उपचार घेतानाच पुरावा तयार होतो

वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार आहे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये आणि डॉक्टरांनी पाहण्याआधी घट्ट पट्टीही बांधू नये. दात लागून कातडी फुटली असेल, तर ती जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, वर्गात मोडते आणि रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते. लस कातडीत दिली जात असेल, तर तिचे डोस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे यातला एकही डोस चुकवू नये. मधले डोस सोडून दिले, तर समोरचा पक्ष न्यायालयात तेही बोलून दाखवतो.

दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी केसपेपर वाचून पाहावा. त्यावर नुसते ‘डॉग बाइट’ असे दोन शब्द असतील, तर दोन वर्षांनी न्यायाधीशांना त्यातून काहीच कळणार नाही. ‘उजव्या पोटरीच्या मागच्या बाजूस दातांच्या दोन खोल खुणा, त्याशेजारी ४ सें.मी. लांबीची फाटलेली जखम, तिसरा वर्ग’ अशी नोंद असेल, तर तीच पुढे दाव्याचा कणा ठरते. चावा कधी आणि कोठे झाला, आणि कुत्रा पाळीव होता की मोकाट, हेही डॉक्टरांना सांगून लिहून घ्यावे. सरकारी रुग्णालयात गेला असाल, तर घटनेची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, करण्याची विनंती करावी आणि तिचा क्रमांक टिपून ठेवावा. लसीकरणाचे कार्ड, औषधांची बिले, रिक्षाची किंवा रुग्णवाहिकेची पावती आणि रजेचा अर्ज हे सगळे एकाच फाइलीत राहू द्यावे.

जखमेचे छायाचित्र पट्टी बांधण्यापूर्वी काढावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकाराबद्दल वाद राहत नाही. टाके काढल्यावर आणि व्रण राहिला असेल तर काही महिन्यांनी पुन्हा छायाचित्रे घ्यावीत. फाटलेले, रक्ताने डागलेले कपडे धुऊन टाकू नयेत.

घटनेच्या जागी सीसीटीव्ही असेल, तर त्याच दिवशी सोसायटीला किंवा दुकानदाराला चित्रीकरण जपून ठेवण्याचे लेखी पत्र द्यावे, कारण जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाते. असे चित्रीकरण न्यायालयात पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. चित्रीकरण कोणी आणि कोणत्या यंत्रावरून काढून दिले, ते त्याच वेळी लिहून ठेवल्यास पुढे धावपळ होत नाही.

कुत्रा पाळीव असेल तर

मालकाचे नाव आणि पत्ता, कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीकरणाचा दाखला मागावा. मालक दाखला देत नसेल, तर तसे लेखी नोंदवावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवणे उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते, मात्र त्या निकालाची वाट पाहत लस घेणे लांबवू नये.

भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ येथे लागू होते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्यातील शब्द ‘ताब्यातील’ असा आहे. त्यामुळे कुत्र्याला फिरवायला नेणारा नोकर किंवा नातेवाईकही जबाबदार धरला जाऊ शकतो, आणि त्याच्या हाती सांभाळता न येणारा कुत्रा देणाऱ्या मालकावर दिवाणी जबाबदारी येऊ शकते. दुखापत गंभीर असेल, तर कलम १२५ ही लावता येते. त्यात गंभीर दुखापतीसाठी तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. त्यापूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम २८९ लागते.

पोलीस ठाण्यात अनेकदा ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून घ्या’ असे सांगितले जाते. कलम २९१ खालील गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकतात, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे आणि एफआयआरचीच मागणी करावी. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या शहरात संबंधित वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे, टपालाने पाठवता येतो, आणि त्यानंतरही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

फौजदारी खटल्यातच न्यायालय आरोपीला भरपाई देण्याचा आदेश देऊ शकते. ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे. ही रक्कम बहुधा मोठी नसते, आणि पुढे दिवाणी दाव्यात रक्कम ठरवताना ती विचारात घेतली जाते. खर्च मोठा झाला असेल, नोकरी बुडाली असेल किंवा चेहऱ्यावर व्रण राहिला असेल, तर खरा मार्ग दिवाणी दाव्याचाच आहे.

दिवाणी दाव्यात मालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो: साखळी नव्हती, फाटक उघडे होते, लहान मुलाच्या हाती मोठा कुत्रा दिला होता, अशा गोष्टी. कुत्रा यापूर्वी कोणाला चावला होता किंवा अंगावर धावून गेला होता आणि मालकाला ते ठाऊक होते, हे सिद्ध झाले तर वादीची बाजू पुष्कळ भक्कम होते. म्हणून शेजाऱ्यांच्या जुन्या तक्रारी, सोसायटीची पत्रे आणि ग्रुपवरचे संदेश शोधून ठेवावेत. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावली की आपण सुटलो, असे अनेक मालकांना वाटते. प्रत्यक्षात कुत्र्याच्या स्वभावाची मालकाला कल्पना होती, हे दाखवायला तीच पाटी वादीच्या उपयोगी पडू शकते. उलट जखमी माणसाने कुत्र्याला दगड मारला किंवा तो परवानगीशिवाय आवारात शिरला, असा बचाव मालकाकडून येतो. त्याला उत्तर देणारे साक्षीदार आधीच ठरवून ठेवावेत. अशा दाव्याची सर्वसाधारण मुदत घटनेपासून तीन वर्षे आहे.

मालक बरेचदा भला असतो आणि पैसे देऊ करतो. ते घेण्यात काहीच गैर नाही. मात्र ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, यापुढे तक्रार नाही’ अशा कागदावर उपचार संपण्यापूर्वी सही करू नये. पहिल्या आठवड्यात लसीचा खर्च दिसतो, पण नस दुखावली आहे का किंवा व्रणावर शस्त्रक्रिया लागेल का, हे काही महिन्यांनी कळते. तोपर्यंतच्या पावतीवर ‘औषधोपचारापोटी अंशतः’ एवढेच लिहावे.

कुत्रा मोकाट असेल तर

मालक नाही म्हणजे जबाबदारही कोणी नाही, असा समज सर्रास आढळतो आणि त्यामुळे बरेच लोक हक्क सोडून देतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार रस्त्यावरील कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री त्याच भागात परत सोडण्यास सांगितले, पण रेबीज झालेली, त्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून मोकाट कुत्री हटवण्यास आणि ती पुन्हा तेथे न सोडण्यास सांगितले. चावा अशा आवारात झाला असेल, तर या आदेशाचा उल्लेख तक्रारीत अवश्य करावा.

माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वाधिक नुकसान मुदतीच्या अज्ञानामुळे होते. महापालिकेने कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दावा लावायचा असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर एक महिना थांबावे लागते, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमाचे कलम ५२७ अशीच अट घालते. हे कलम एखाद्या विशिष्ट दाव्याला लागू होते की नाही, यावर वकील वाद घालू शकतात, पण जखमी माणसाने तो वाद मुळात ओढवूनच घेऊ नये. तीन वर्षांचा हिशेब डोक्यात धरून बसलेल्या माणसाचा दावा केवळ तारखेमुळे फेटाळला जाण्याचा धोका असतो. राज्य सरकारलाही प्रतिवादी करायचे असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस वेगळी लागते. म्हणून घटनेनंतर महिन्याभरात नोटीस रवाना झाली पाहिजे. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत असेल, तर तिच्या कायद्यातील मुदत वकिलाकडून तपासून घ्यावी.

नोटिशीचा मुख्य मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ: ‘दि. … रोजी सकाळी … वाजता … रस्त्यावर … या ठिकाणी मोकाट कुत्र्याने माझ्या उजव्या पायाचा चावा घेतला. या रस्त्यावरील कुत्र्यांबाबत रहिवाशांनी दि. … रोजी तक्रार क्र. … दिली होती, तिच्यावर कार्यवाही झाली नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार आपल्यावर असलेले कर्तव्य पार न पाडल्यामुळे मला ही इजा झाली. उपचारखर्च, बुडालेले वेतन आणि सोसलेल्या वेदना यांपोटी मला … रुपये भरपाई द्यावी. केसपेपर, बिले व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.’ हे पत्र आयुक्तांच्या नावे असावे, त्याची प्रत आरोग्य विभागाला द्यावी, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा.

कसूर दाखवण्यासाठी माहितीचा अधिकार कामी येतो. आपल्या प्रभागात गेल्या तीन वर्षांत किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले, किती तक्रारी आल्या, त्यांवर काय कार्यवाही झाली आणि किती खर्च झाला, असे प्रश्न विचारावेत. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. प्रभागात काम झालेच नसेल, तर ते महापालिकेच्याच कागदावरून सिद्ध होते.

दाव्याशिवाय उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते, कारण जीविताचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये आहे. घटनेबद्दल फारसा वाद नसेल आणि कागद स्पष्ट असतील, तेव्हा हा मार्ग योग्य ठरतो. वस्तुस्थितीवरच वाद असेल, तर न्यायालय दिवाणी दाव्याकडे बोट दाखवू शकते.

रक्कम किती मागावी

पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मोकाट प्राण्यांमुळे होणाऱ्या अपघातांच्या प्रकरणांत एक ठोस मोजमाप घालून दिले. श्वानदंशात दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघाले असेल, तर जखमेच्या दर ०.२ सें.मी. मागे किमान २०,००० रुपये. अर्जावर निर्णय देण्यासाठी तेथे जिल्हास्तरीय समित्या नेमण्यास सांगण्यात आले आणि कागदपत्रांसह अर्ज आल्यापासून चार महिन्यांची मुदत ठरवण्यात आली. हा निकाल पंजाब, हरियाणा आणि चंडीगडपुरता बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तो दाखला म्हणून पुढे ठेवता येतो, आणि ठेवावाच. जखमेच्या शेजारी मोजपट्टी ठेवण्याचे महत्त्व येथे लक्षात येईल.

त्यापलीकडे रक्कम बाबवार मांडावी: झालेला आणि पुढे लागणारा उपचारखर्च, प्रवास, बुडालेली मजुरी किंवा पगार, सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचा बुडालेला रोजगार, वेदना, विद्रूपता, आणि लहान मुलांच्या बाबतीत बसलेली धास्ती. शेवटच्या बाबीसाठी समुपदेशकाचा किंवा मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल जोडल्याशिवाय न्यायालय फारसे देत नाही. कुत्रा मागे लागल्यामुळे दुचाकीवरून पडून हाड मोडले असेल, तर प्रत्यक्ष चावा नसला तरी दावा करता येतो. घरपोच सेवा देताना किंवा अन्य कामावर असताना चावा झाला आणि कर्मचारी राज्य विमा लागू असेल, तर कामावरील इजा म्हणून तेथेही वेळेत कळवावे.

रागाच्या भरात कुत्र्याला मारणे किंवा विष घालणे टाळावे. प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि त्यामुळे भरपाई मागणारा माणूसच आरोपी होऊन बसतो.

दुर्दैवाने चाव्यामुळे मृत्यू झाला असेल, तर पती-पत्नी, आईवडील आणि मुले यांना १८५५ च्या जीवघेणे अपघात कायद्याखाली दावा करता येतो. त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे, पण महापालिकेविरुद्धची सहा महिन्यांची अट ध्यानात घेऊन त्यातही थांबू नये.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. पहिल्या भेटीला जाताना केसपेपर, लसीकरणाचे कार्ड, छायाचित्रे, बिले आणि पोलीस तक्रारीची प्रत सोबत न्यावी, आणि घटनेची तारीख सर्वांत आधी सांगावी, म्हणजे नोटिशीची आणि दाव्याची मुदत किती उरली आहे याचा हिशेब वकिलाला लगेच मांडता येईल.