जपानला निघताय? 'तिथे गेल्यावर बघू' म्हणू नका

क्योतोमधल्या एका छोट्या उदोनच्या दुकानात आईसमोर वाडगा आला. जाड पांढऱ्या शेवया, वर तळलेल्या तोफूचा चौकोन, बारीक चिरलेली कांद्याची पात. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिने वाडगा उचलला, वाफ नाकाशी आली आणि तिने तो हळूच खाली ठेवला. "मासळीचा वास येतोय रे याला." मालकीणबाईंना आम्ही मांस नको, मासा नको असं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनापासून पाळलंही होतं. आम्ही दाशीबद्दल विचारलंच नव्हतं.

शाकाहारी मराठी माणसाची जपानमधली सगळ्यात मोठी चूक हीच. कात्सुओ मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. मग त्याचा कीस गरम पाण्यात मुरवून गाळून घेतात, बहुतेकदा कोम्बू या समुद्री शेवाळाबरोबर. हे पाणी म्हणजे दाशी. मिसो सूप, उदोन-सोबा या शेवयांचा रस्सा, तेम्पुरासोबतचं सॉस, शिजवलेल्या भाज्या, इनारी सुशीची गोडसर तोफूची पिशवी, सगळीकडे ते असू शकतं. आपण फोडणी वेगळी मोजत नाही, तसे ते दाशी वेगळा मोजत नाहीत. म्हणून विचारायचं ते असं: "कात्सुओ-दाशी हाइत्ते इमासु का?" म्हणजे यात कात्सुओचा दाशी आहे का? 'निकु' म्हणजे मांस, पण नुसतं 'निकु नको' म्हटलं की हॅमचे तुकडे किंवा कोंबडी ताटात येऊ शकते. त्यामुळे काय काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन जपानीत लिहिलेलं कार्ड घरूनच करून न्या. त्यावर 'ॲलर्जी आहे' असं खोटं मात्र लिहू नका. ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघर धोका पत्करत नाही, सरळ नाही म्हणतं.

पाकिटावरची ॲलर्जीची यादी वाचून निर्धास्त होऊ नका. सक्तीच्या यादीत कोळंबी, खेकडा, अंडी, दूध, गहू असतात, कात्सुओ नसतो. फोनचा कॅमेरा घटकांच्या पूर्ण यादीवर धरा. जपानी करी बघून जीव भांड्यात पडतो, पण तिच्या तयार वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. अगदीच अडलात तर कोणत्याही कोन्बिनीत, म्हणजे छोट्या सुपरमार्केटसारख्या दुकानात, नुसत्या मिठाचा ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, आहे का बघा.

आईचं पोट आणि मन दोन्ही भरलं ते कोयासानला. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने जायचं, शेवटी केबल कार. 9व्या शतकात कुकाई या बौद्ध भिक्षूने वसवलेल्या या डोंगरावर पन्नासेक मंदिरांत मुक्कामाची सोय आहे. तिथे मिळतं ते शोजिन र्‍योरी, बौद्ध भिक्षूंचं जेवण. मांसमच्छी नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बू आणि शिताके अळंबीचा. लाल लाखेच्या वाट्यांमध्ये एक पांढरट, थरथरणारी वडी होती. गोमा-दोफू. नावात तोफू असला तरी ती सोयाबीनची नसते. वाटलेल्या तिळाचं दूध कुझू या वेलीच्या मुळाच्या पिठात घोटून करतात. आईने कड तोडून जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "खरवस गं बाई!" त्या सहलीतलं माझ्या आठवणीतलं सर्वात सुंदर जेवण ते.

पण तिथेही वेळ पाळावीच लागते. संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहाच्या सुमारास. उशिरा पोहोचलात तर कोणी ताट झाकून ठेवत नाही. र्‍योकान या पारंपरिक जपानी सरायीतही तसंच. जेवणाचा बेत आधी ठरलेला असतो, सामान त्या हिशेबाने आणलेलं असतं. 'आम्ही शाकाहारी' हे दारात पोहोचल्यावर सांगणं म्हणजे त्यांना खजील करणं. बुकिंग करतानाच लिहा आणि होकार आल्याशिवाय पैसे भरू नका.

चॉपस्टिक नीट धरता आल्या नाहीत तरी कोणी काही म्हणत नाही. मात्र भातात त्या उभ्या खोवू नका. मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात त्या तशा खोवतात. आणि आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. दहनानंतर नातेवाईक अस्थी अशाच चॉपस्टिकमधून चॉपस्टिकमध्ये देत कलशात ठेवतात. सावडायला गेलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. भाड्याचा किमोनो नेसतानाही डावा पदर उजव्यावर घ्या. उलटा फक्त मृताला नेसवतात.

इझाकायात, म्हणजे जपानी पद्धतीच्या बारमध्ये, बसल्या बसल्या न मागवलेली छोटी वाटी येते, तिचे काहीशे येन बिलात लागतात. ती ओतोशी, फसवणूक समजून वाद घालू नका. टिप कुठेच ठेवू नका, पैसे परत द्यायला मागे धावत येतात.

ओन्सेन म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह. तिथे पोहण्याचा पोशाख चालत नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात. छोटा टॉवेल पाण्याबाहेर. संकोच वाटत असेल तर काशिकिरी, म्हणजे तासावर मिळणारं खासगी कुंड घ्या. टॅटू असेल तर आधी विचारा.

सामानाचंही तसंच. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरहून मोठी बॅग तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू या मार्गांवरच्या शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, न्यायची तर त्यासाठीची जागा आधी आरक्षित करावी लागते. नाहीतर 1,000 येन भरा. त्यापेक्षा ताक्युबिन कुरिअरने बॅग पुढच्या हॉटेलवर पाठवा. बहुतेकदा दुसऱ्या दिवशी पोहोचते, आणि कोयासानच्या चढउतारावर पाठीवर फक्त एक पिशवी राहते.

तोक्योत असाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात जरूर जा. तिथला कांगितेन म्हणजे आपलाच गणपती. मूर्ती गाभाऱ्यात झाकलेली असते, 'दर्शन कुठे मिळेल' असं विचारत फिरू नका आणि कॅमेरा रोखू नका. मोदक शोधू नका. तिथे पांढराशुभ्र मुळा वाहतात, तो देवळातच विकत मिळतो. आईने दोन्ही हातांनी मुळा ठेवला आणि पुटपुटली, "मोरया."