नदीकाठचं घर: परसातले पाहुणे बघायचे आणि कुत्रंही सांभाळायचं

सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात कृष्णेच्या काठाला घर असेल, तर हिवाळ्यातल्या एका सकाळी गच्चीवरूनच कवड्या खंड्या, टिटवी, पाणकावळे आणि मळीवर, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर, ऊन खात पडलेली मगर असं सगळं दिसू शकतं. अडचण एवढीच की ज्या मळीवर मगर पडते, तिथेच कुत्र्याला मोकळं सुटायचं असतं. यावर उपाय म्हणजे एक साधा क्रम: आधी माणसाने बघायचं, मग कुत्र्याला सोडायचं. परस असो, फाटक असो की नदीचा घाट, कुत्रं पुढे आणि माणूस मागे असं झालं की घोटाळा होतो. पुढची सगळी तयारी हा क्रम पाळता यावा म्हणून आहे.

पहिला आठवडा: नुसतं बघा

कुंपण, जाळी, दिवे यांवर खर्च करण्याआधी सात दिवस एका वहीत तीनच गोष्टी लिहा: कोण दिसलं, कुठे, किती वाजता. मुंगूस दिवसा फिरतं, उदमांजर आणि साळिंदर रात्री. त्यामुळे रात्रीच्या पाहुण्यांच्या खुणा सकाळी वाचायच्या. कठड्यावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर. कुंपणाजवळ पांढरा-काळा काटा पडलेला दिसला तर साळिंदर. ओल्या मातीत जवळजवळ गोल, नखं न उमटलेला, सात-आठ सेंटिमीटरचा ठसा असेल तर बिबट्या धरून चाला. कुत्र्याचा ठसा लांबट असतो आणि पुढे नखांचे टोचे दिसतात.

नदीच्या कडेला मगरीची घसरण ओळखायला शिका. चिखलात पोटाचा रुंद, गुळगुळीत पट्टा, त्यात शेपटीची ओढलेली रेघ आणि दोन्ही बाजूंना पंजे. घोरपडीचीही शेपटी घासते, पण तिची रेघ बारीक आणि नागमोडी असते, पोटाचा असा पट्टा उमटत नाही. ताजी घसरण दिसली ती जागा कुत्र्यासाठी बंद. ‘आज दिसत नाही’ याला काही अर्थ नाही, मगर पाण्याखाली बराच वेळ दम धरून राहते.

ट्रॅप कॅमेरा घेणं जमत असेल तर तो जमिनीपासून ४०-५० सेंटिमीटरवर, उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून बांधा. पूर्व-पश्चिम लावला तर उगवत्या-मावळत्या उन्हाने अर्धे फोटो पांढरे येतात. समोरचं हलणारं गवत कापा, नाहीतर सकाळी पाचशे फोटो गवताचेच निघतात. कॅमेरा आपल्याच आवारात लावायचा, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही.

परस: साप का येतो ते आधी समजून घ्या

साप कुत्र्यासाठी येत नाही, तो उंदरासाठी येतो. उंदीर दाण्यासाठी येतात आणि दाणे बहुतेक वेळा आपणच टाकलेले असतात. चिमण्यांसाठी टांगलेल्या भांड्यातून ज्वारी-बाजरी खाली सांडते, रात्री उंदीर ती वेचतात आणि त्यांच्या मागावर घोणस येते. कुत्र्याच्या थाळीत रात्रभर राहिलेली भाकरी हेच काम करते. म्हणून दाणे सकाळी ११ पर्यंत संपतील एवढेच, साधारण मूठभर, ठेवा. भांड्याखाली फरशी असू द्या म्हणजे झाडता येईल. कुत्र्याची थाळी खाणं झालं की लगेच उचला.

खरं तर दाण्यापेक्षा पाणी बरं. मातीचं पसरट भांडं, खोली चार-पाच सेंटिमीटर, मधे एक खडबडीत दगड. कुत्र्याची उडी पोचणार नाही अशा उंचीवर, दाट झुडपापासून दोन मीटर दूर टांगा, म्हणजे मांजरालाही दबा धरता येत नाही. पाणी रोज बदला आणि भांडं काथ्याने घासा. पक्ष्यांच्या भांड्यातलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये अशा एका भांड्यावर दयाळ, बुलबुल, सातभाई, शिंजीर असे सगळे तासाभरात हजेरी लावून जातात.

आता अडगळ. विटा, कौलं, जळण, कडबा यांचे ढीग घरापासून दूर हलवा आणि जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर रचा. भिंतीलगत दोन मीटरचा पट्टा मोकळा ठेवा, गवत दोन-तीन इंचांवर जाऊ देऊ नका. फाटकाखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाला सहा मिलिमीटरची जाळी बसवा. जाळीचं भोक याहून मोठं ठेवलं तर सापाचं पिल्लू आत येतं आणि साप त्यात अडकून मरतोही. पक्ष्यांपासून फळं वाचवायला लावलेली नायलॉनची जाळी जमिनीवर लोळत ठेवू नका, साप-घोरपडी तिच्यात गुंततात आणि धडपडणाऱ्या सापाला कुत्रं हमखास हुंगायला जातं.

उंदरांसाठी विष मात्र अजिबात नको. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, मग त्याला पिंगळा उचलतो नाहीतर आपलंच कुत्रं. पिंजरा लावा.

झाडांबद्दलही दोन शब्द. पांगारा, काटेसावर, तुती, जास्वंद लावा, पक्षी आपोआप येतात. कण्हेर, बिट्टी, कळलावी, धोतरा, एरंड कुत्र्याला विषारी आहेत. मोठं कुत्रं सहसा पानं खात नाही, पिल्लू खातं. त्याहून मोठा धोका गोणीत असतो, तो म्हणजे एरंडाची पेंड. खत म्हणून कुंडीत टाकतात आणि तिच्या वासाने कुत्रं माती उकरून ती खातं. पेंडीतलं रायसिन हे विष जीव घेऊ शकतं. काही तयार सेंद्रिय खतांतही ती मिसळलेली असते, पिशवीवर वाचून घ्या. त्याऐवजी निंबोळी पेंड वापरा.

हाक: दोन शब्द, दोन आठवडे

‘ये’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द पक्के झाले की निम्मा धोका टळतो. पहिले तीन-चार दिवस घरात, मग परसात १० मीटरच्या दोरीवर, रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटं. हाक एकदाच मारायची. आलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा नखाएवढा तुकडा. इथे लोक एक चूक हटकून करतात: कुत्रं उशिरा आलं की रागावतात. मग हाकेचा अर्थ ‘गेलो की ओरडा बसतो’ असा होतो आणि ज्या दिवशी समोर खरंच नाग असतो त्या दिवशी ते येत नाही. कितीही उशिरा आलं तरी खाऊ द्यायचाच.

‘सोड’ शिकवताना मुठीत खाऊ धरा. कुत्र्याने नाक मागे घेतलं की दुसऱ्या हातातला तुकडा द्या, मुठीतला कधीच नाही.

नदीवर जाताना

वेळ उजाडल्यावरची, नीट दिसू लागल्यावरची. अंधारात आणि दिवेलागणीला नाही. पट्टा दीड-दोन मीटरचा, साधा. बटण दाबून लांब होणारी दोरी नदीकाठी नको, टिटवी उडाली की कुत्रं पाच मीटर पुढे गेलेलं असतं. गळ्याऐवजी छातीचा पट्टा बरा.

पाण्याच्या कडेपासून किमान १० पावलं दूर राहा. मगर पाण्यातूनच झेप घेते आणि जनावर रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी पाण्यावर येतं हे ती ओळखते. म्हणून रोजची वाट आणि वेळ बदला. काठी किंवा चेंडू पाण्यात फेकू नका, कुत्र्याला नदीत आंघोळ घालू नका. पिण्याचं पाणी अर्धा लिटर घरून न्या. गडबडीत नेमकं हेच राहतं आणि मग कुत्रं काठावर वाकून पाणी पितं, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या जागी डोकं खाली घालून उभं राहतं.

फेब्रुवारी ते एप्रिल मगर काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या तोंडाला बाहेर येतात. या काळात मादी घरट्याजवळ असते, तेव्हा उंच दरडीखालची वाळू आणि ताजी उकरलेली माती टाळा. याच दिवसांत टिटवी उघड्या माळावर, चार खड्यांमध्ये खड्यासारखीच दिसणारी अंडी घालते. डोक्यावर येऊन ती कर्कश ओरडू लागली तर घरटं जवळ आहे. कुत्र्याला जवळ घ्या आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. उन्हाळ्यात पात्र आटलं की वाळूच्या बेटांवर नदी सुरय घरटी करतात. तिथे कुत्रं पोचलं तर ते काही न खाताही पक्षी उठतात आणि भर उन्हात अंडी उघडी पडतात.

आटलेल्या डोहावर हिरव्या रंगाचा थर, जणू कोणी रंगाचा डबा ओतलाय असा, दिसला तर ते शेवाळ विषारी असू शकतं. कुत्र्याचे पाय त्यात भिजले तर चाटण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवा.

उसाच्या बांधावरून जाताना पट्टा हातातच हवा. रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फासे, कुंपणात सोडलेला चोरटा करंट आणि खाण्यात लपवलेले गावठी बॉम्ब यांत कुत्री जीव गमावतात. तुमच्या भागात असलं काही चालतं का, हे शेजारच्या शेतकऱ्याला सरळ विचारा. सांगतात लोक.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत आणि पट्ट्याखाली गोचीड पाहा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, जाळू नका.

रात्र

जुन्नर, अकोले, शिराळा अशा भागांत बिबट्या उसात राहतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात पाळीव कुत्र्याचा वाटा सगळ्यात मोठा निघाला. अंगणात साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याच्यापुढे वाढून ठेवलेलं ताट. राखणीसाठी बांधलंय म्हणावं, तर त्याला धड पळताही येत नाही. सहा फुटी भिंत बिबट्याला काहीच नाही.

कुत्रं घरात घ्या. ते शक्य नसेल तर वेल्डमेशचा बंद पिंजरा करा: चौकोन दोन इंचांपेक्षा लहान, तळाला काँक्रीट किंवा जाळी फूटभर जमिनीत गाडलेली, आणि वर छत. छत विसरतात आणि मग बाकीचा खर्च वाया जातो. कडी पंजाने उघडणार नाही अशी, बाहेरून खिट्टी घालायची. आतला पाट जाळीपासून हातभर आत ठेवा, म्हणजे पंजा आत आला तरी पोचणार नाही.

रात्री लघवीला बाहेर काढायचं असेल तर आधी माणूस टॉर्च घेऊन अंगणभर फिरतो, कोपरे आणि चपलांची जागा बघतो, मग कुत्रं येतं. घोणस आणि मण्यार बहुतेक रात्री फिरतात. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार टाकते, तो ऐकला की दोन पावलं मागे. मण्यार काहीच इशारा देत नाही.

चावलं तर

घोणशीच्या दंशाला भराभर सूज येते, रक्त थांबत नाही. नाग-मण्यारीच्या दंशात पाय लुळे पडतात, पापण्या उतरतात, श्वास अडतो. मण्यारीला सूज जवळजवळ नसते, म्हणून ‘काही झालं नाही’ असं वाटतं. कुत्र्याला दंश बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो.

१. गळ्यातला पट्टा लगेच काढा. तोंड-मान सुजली की तोच फास होतो.

२. कुत्र्याला चालवू नका. चादरीची झोळी करून दोघांनी उचला.

३. वेळ लिहून ठेवा. साप दिसला असेल तर लांबून फोटो काढा, मारायला किंवा पकडायला जाऊ नका.

४. चिरा देणं, घट्ट बांधणं, हळद-चुना, तूप-दूध यातलं काहीही नको.

५. निघतानाच डॉक्टरांना फोन करा, म्हणजे प्रतिसर्पविष बाहेर काढून ठेवता येईल. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. पण प्रत्येक पशुवैद्याकडे ते नसतं, म्हणून आज धडधाकट कुत्रं घेऊन बसलेले असतानाच दोन दवाखान्यांना विचारून ठेवा: साठा आहे का, आणि रात्री कोण उचलेल फोन?

पावसाळ्यात यापेक्षा जास्त वेळा घडतं ते भेकाचं. कुत्रं दिव्याखालचा चामखिळीचा भेक तोंडात धरतं, त्याच्या कानामागच्या ग्रंथींतून पांढरा चीक येतो आणि क्षणात तोंडाला फेस येतो. कुत्र्याचं तोंड खाली झुकवा आणि ओठाच्या कोपऱ्यातून पाणी सोडून बाहेर वाहू द्या, पाच-दहा मिनिटं. घशाकडे पाण्याचा झोत मारू नका, पाणी फुप्फुसात जातं. हिरड्या ओल्या फडक्याने पुसत राहा. झटके आले किंवा झोकांड्या जाऊ लागल्या तर दवाखाना.

मुंगूस, माकड किंवा कोल्ह्याने ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजची लस चालू असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. साळिंदराचे काटे घरी उपटू नका, आत तुटतात.

घरात साप शिरला तर कुत्र्याला दुसऱ्या खोलीत कोंडा, सापावर लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं गुन्हा आहे.

पूर येऊन गेल्यावर

२०१९ आणि २०२१ सारखा पूर येतो तेव्हा सगळे हिशेब बदलतात. साप उंच जागा शोधत माळ्यावर आणि जिन्याखाली येतात, मगरी ओढ्या-नाल्यांत शिरतात. पाणी ओसरल्यावर साचलेल्या डबक्यांपासून कुत्र्याला लांब ठेवा, उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होतो. याची लस दरवर्षी पावसाआधी टोचून घ्या. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे सुरुवात एप्रिलमध्येच करायला हवी. गाळ काढताना आधी काठीने ढीग हलवा, मग फावडं घाला. तोवर कुत्रं आत, दार लावून.