स्पाभोवतीचे तलाव: निघण्यापूर्वीची तयारी

बेल्जियमच्या पूर्वेकडे, आर्देनच्या डोंगराळ भागात असलेल्या स्पा या गावी जाणारा माणूस स्नानासाठी जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्नानांना कंटाळून आजूबाजूच्या तलावांची चौकशी करू लागतो. मीही असाच, काहीही न ठरवता तलावांकडे वळलो होतो. त्या दिवशी जी फजिती झाली, ती पुन्हा होऊ नये म्हणून पुढील तयारी लिहून काढली आहे. पासपोर्ट, विमा, औषधे, पाण्याची बाटली यांची आठवण कोणाला करून द्यावी लागू नये.

सर्वांत आधी कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड पिशवीत भरावा. पूर्ण म्हणजे अंतर्वस्त्रे, विजार, सदरा, स्वेटर आणि मोजे. हा जोड पाणी न शिरणाऱ्या जाड पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे आणि ती पाठीवरच्या पिशवीत ठेवावी. पोहायचे नसले तरी न्यावा, नुसते काठाने चालायचे असले तरी न्यावा. मागच्या वेळी माझ्याकडेही असा जोड होता, पण तो हॉटेलच्या कपाटात होता. रोबेरव्हीलच्या जलाशयाचे पाणी त्या दिवशी काठापासून थोडे मागे हटले होते आणि उघड्या पडलेल्या पट्ट्यावरचा गाळ वरून सुकून भेगाळलेला, अगदी पाय ठेवण्याजोगा दिसत होता. तिसऱ्या पावलाला वरची खपली फुटली, उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तो उपसताना बूट आतच राहिला आणि बूट शोधायला वाकलो तो थेट कंबरभर पाण्यात बसलो. खिशातला फोन बंद पडला आणि बसचे वेळापत्रक त्या फोनातच होते. पुढचे दोन तास मी ओल्या जीन्समध्ये, वारा अडवायला काहीही नसलेल्या थांब्यावर काढले. महिना जुलै होता. बस आल्यावर आसन भिजवायची लाज वाटली म्हणून स्पापर्यंत उभाच राहिलो.

जोड भरून झाला असेल तर आता कोणत्या पाण्यावर जायचे ते ठरवावे, कारण नकाशावर सारखेच निळे दिसणारे हे तलाव एकमेकांसारखे अजिबात नाहीत. गावाला सर्वांत जवळचा वारफाझचा तलाव दोन-तीन किलोमीटरवर आहे. वायाई नावाचा ओढा अडवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो तयार केला गेला, आणि तो इतका लहान आहे की रमतगमत चाललो तरी तासाभरात सहज फेरी पूर्ण होते. पेडल बोट, काठावरची कॉफी आणि बदके एवढ्यावर ज्याचे समाधान होते त्याने पुढे जाऊच नये. माझ्या मते लहान मुले बरोबर असतील तर हाच तलाव उत्तम.

जिलेपचे धरण पाहण्यासारखे आहे, पण पोहण्यासाठी नाही. तेथे पोहण्याचा पोशाख घेऊन गेलेली माणसे मी पाहिली आहेत. जवळच्या व्हेर्व्हिए शहरातल्या लोकर धुणाऱ्या गिरण्यांना पाणी हवे म्हणून हे धरण बांधले आणि १८७८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वरच्या दलदलीच्या पठारावरून येणाऱ्या या पाण्यात चुन्याचा अंश फार कमी असल्यामुळे साबणाला फेस चांगला येतो व लोकर मऊ धुतली जाते, हे त्या गिरणीवाल्यांना पक्के ठाऊक होते. पुढे १९६७ ते १९७१ या काळात धरणाची उंची वाढवली, तेव्हा भिंतीवरचा साडेतेरा मीटर उंचीचा दगडी सिंह तुकड्या-तुकड्यांनी उतरवून पुन्हा वर बसवावा लागला. आज हे पाणी पिण्यासाठी वापरतात, म्हणून त्यात उतरण्यास मनाई आहे. येथे भिंतीवरून चालावे, सिंह पाहावा, भोवतालच्या जंगलवाटेने फिरावे. जंगलवाट चिखलाची असते हे सांगताना कोरड्या मोज्यांची पुन्हा आठवण करून देतो.

को या गावाजवळचा जलाशय हा निराळाच प्रकार आहे. आंब्लेव्ह नदीच्या जुन्या वळणात साठवलेले पाणी डोंगरावरच्या दोन तळ्यांत पंपाने चढवतात आणि विजेची मागणी वाढली की खाली सोडून वीज तयार करतात. त्यामुळे काठाची रेषा काही तासांत हलते, आणि मघाशी कोरडी वाटलेली जागा परतताना पाण्याखाली असू शकते. गाळाशी माझे काय झाले ते वर सांगितलेच आहे. येथे कुंपण ओलांडू नये. तिथला धबधबा पाहून परत फिरावे.

पोहायचेच असेल तर रोबेरव्हील किंवा ब्युटगेनबाख निवडावे. दोन्ही जलाशय वार्श नदीवरचे आहेत. रोबेरव्हीलचे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि ब्युटगेनबाखचे १९३२ मध्ये. दोन्हीकडे पोहण्यासाठी राखलेला भाग आहे. वालोनियात, म्हणजे बेल्जियमच्या या दक्षिण भागात, पोहण्याचा अधिकृत हंगाम १५ जून ते १५ सप्टेंबर असा असतो आणि त्या काळात पाण्याची तपासणी होत राहते. निळे-हिरवे शेवाळ वाढले की पोहणे थांबवतात, म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी गावातील पर्यटन कार्यालयात विचारून घ्यावे. आठवड्यापूर्वी वाचलेल्या माहितीवर विसंबू नये. पाणी चहासारखे तपकिरी दिसले तर मात्र घाबरू नये. तो रंग पठारावरच्या पीट मातीचा, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, असतो. फलकांची भाषाही लक्षात ठेवावी, कारण स्पा आणि रोबेरव्हीलमध्ये फ्रेंच चालते, तर थोडे पूर्वेला असलेल्या ब्युटगेनबाखमध्ये जर्मन. ‘बेन्याद अँतेर्दित’ किंवा ‘बाडेन फरबोटन’ लिहिलेले दिसले की पाण्यात उतरायचे नाही.

ज्या दिवशी स्पाच्या गरम स्नानांना गेलो त्याच दिवशी तलावात उडी मारू नये. स्पाचे झरे मुळात थंड आहेत आणि स्नानासाठी ते पाणी तापवतात. अशा गरम पाण्यात तासभर बसल्यावर रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, रक्तदाब उतरलेला असतो आणि उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते. त्यावर गार जलाशयात एकदम शिरले तर पहिल्या मिनिटभरात श्वास आवरत नाही, आणि नेमका तेव्हाच माणूस पाणी ओढून घेतो. वरचा थर उन्हाने कोमट असला तरी दीड-दोन मीटर खाली पाय गेला की थंडी कळते. हळूहळू उतरावे, पहिली काही मिनिटे काठाजवळच राहावे, आणि बाहेर येताच अंग पुसून कोरडा जोड घालावा. हवेत अंग वाळवत बसणे हा त्या प्रदेशात शहाणपणा नव्हे. जवळच्या ओत फान्य पठारावर, जेथे बेल्जियमची सर्वांत उंच जागा ६९४ मीटरवर आहे, वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पाऊस होतो. तो ठरावीक महिन्यांत पडून मोकळा होणारा पाऊस नाही, बाराही महिने थोडाथोडा येतो. छत्री वाऱ्यात उलटी होते; रेनकोट घ्यावा. रेनकोट घेतला म्हणून कोरड्या जोडाला सुट्टी देऊ नये, कारण रेनकोटाने पाऊस अडतो, तलाव अडत नाही.

त्याच पठारावर जाण्याचा विचार असेल तर लाकडी फळ्यांची वाट सोडू नये. कोरड्या दिवसांत आगीच्या धोक्यामुळे लाल झेंडे लावतात; ते लावलेल्या भागात प्रवेश नसतो आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण २०११ मध्ये तेथे हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले होते. उंच गवतात गोचिडी असतात. पूर्ण लांबीची विजार मोज्यांत खोचावी, रात्री काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि कानांमागची जागा तपासावी, बारीक टोकाचा चिमटा जवळ ठेवावा, आणि चावलेल्या जागी नंतरच्या आठवड्यांत लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांकडे जावे.

जाण्यायेण्याचे थोडक्यात सांगतो. व्हेर्व्हिएहून स्पापर्यंत रेल्वे आहे, पण तलावांपर्यंत ती नेत नाही; पुढे टेक कंपनीच्या बस किंवा स्वतःची गाडी. रविवारी बस कमी असतात आणि शाळांच्या सुट्टीत वेळा बदलतात, म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून तो कागद कोरड्या जोडाच्या पिशवीतच ठेवावा. फ्राँकोरशाँच्या मोटारशर्यतीच्या आठवड्यात खोली मिळत नाही आणि रस्ते तुंबतात. तारीख आधी पाहावी.

सुटे युरो ठेवावेत. फोनाला झिपची पिशवी. आणीबाणीला ११२. खाणे बरोबर घ्यावे, कचरा परत आणावा, बूट जुने वापरावेत. दार ओढून घेण्यापूर्वी पाठीवरच्या पिशवीत एकदा हात घालावा आणि बोटांना कोरडे मोजे लागतात का ते पाहावे. नाही लागले तर कपाट उघडावे.